माणशी एक घोडा

कॉम्प्युटरवर लबाडी आता सुरू झाली असं तुम्हाला वाटतं, पण आमच्या बसवनगुडीच्या मराठी मंडळात ती नव्वदच्या दशकातच येऊन गेली. कॉम्प्युटर एक, त्यावर शर्यतीचा खेळ, घोडे सहा. आपली कळ दाबत राहिलं की आपला घोडा पळायचा. नियम होता, माणशी एक घोडा. यादी माझ्याकडे, कारण कचेरीत मी मस्टर सांभाळायचो.

पार्वतक्कांचा तीन रविवार नंबर लागला नव्हता. त्या दिवशीही त्या रांगेत होत्या. सेक्रेटरी शिंदेअण्णांनी मात्र पाच घोडे मागितले. एक स्वतःला, बाकीचे चार घोडे बायको, दोन मुलगे आणि मेहुणा यांच्या नावावर.

"ते कुठं आहेत?"

"होसकोट्याला, लग्नात. त्यांच्या कळा मी दाबतो."

"गैरहजर माणसाची सही मी साहेबांनाही करू दिली नाही. नावं खोडतोय."

"स्वल्प समजून घ्या हो, घरचीच माणसं."

"मग घरीच पळवा."

पार्वतक्कांना घोडा मिळाला. अण्णा तणतणले, "पुढच्या सभेत नियमच बदलतो. आमच्या घरची पाचही मतं मीच देतो."

"सरी, बदला की," मी म्हणालो, "पण मत हात वर करून द्यायचं असतं, अण्णा. तुम्हाला हात दोनच आहेत."