डेमोची गाडी, मुक्काम पिंगळी

हॅलो? … हो, व्यंकटरावच बोलतोय, परभणी शोरूम… नमस्कार, स्वरदा मॅडम! पुण्याच्या कंपनी ऑफिसातून एवढ्या सकाळी? … बरोबर, बारा वाजलेत. आमच्याकडं अजून सकाळच चालू आहे…

ट्रक? … हो, हो… चार वाजता येणार. डेमोची मोटारसायकल त्यात चढवायची, उद्या लातूरला दाखवायची. पाठ आहे, मॅडम… नाही चढली तर हे मॉडेल परभणीला मिळणार नाही, तेही पाठ आहे. आमच्या मालकांनी दोनदा सांगितलंय. दुसऱ्यांदा तर माझं नाव घेऊन…

गाडी? … गाडी एकदम उत्तम… कुठं म्हणजे? … जिल्ह्यातच आहे… सांगतो ना. आधी तुमचं ते फर्स्ट इंप्रेशन घ्या लिहून… नाही हो, टाळत नाही. तुम्हीच म्हणाला होतात, लोकांच्या शब्दांत पाहिजे. घ्या.

तर पहिलं म्हणजे, जुन्या मॉडेलपेक्षा नवं चांगलं आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं… एकूण एक माणूस… जुनं कुणी बघितलेलंच नाही, मॅडम. त्यामुळं वाद झाला नाही.

हँडल? … हो, वर घेतलंय, ते कळलं लोकांना. दिनकरराव म्हणून आमचे रिटायर्ड हेडमास्तर आहेत. ते म्हणाले, स्पोर्ट म्हणजे वाकून बसायचं, टूरिंग म्हणजे ताठ बसायचं. मग स्पोर्ट-टूरिंगवर नेमकं बसायचं कसं ते कंपनीनं एकदा ठरवावं… नाही, रागावले कुठं? चांगल्या तीन चकरा मारल्या. पुढची काच वर केली, खाली केली. वारा लागत नाही अशी तक्रार होती. म्हणे, वाराच खायचा नसेल तर घरी काय वाईट होतं…

गरम होणारी ग्रिप? … दाखवली… मॅडम, मे महिन्यात आमच्याकडं सगळ्याच गाड्यांना ती सोय असते… हे लिहू नका. 'आवडली' एवढंच लिहा.

क्रूझ कंट्रोल… हो, तेही केलं एकानं, वेग बांधून ठेवला. जिंतूर रोडला. म्हैस येईपर्यंत आवडलं.

आवाजाबद्दल मात्र नाराजी आहे. फारच कमी हो… अहो, ऐका ना, गाडी आली हे शेजाऱ्याला कळणार नसेल तर माणसानं घ्यायची कशाला?

मागचं सीट? … हां! त्याचं चांगलं आहे. काशीनाथराव वकील जोडीनं आले होते. सुमंगलाताई ओट्यावरून चढल्या, एका बाजूनं बसायला जागा नाही म्हणून थोड्या कुरकुरल्या, पण आल्यावर उतरायलाच तयार नाहीत. मागची बाजू उंच केलीय ना तुम्ही? म्हणाल्या, यांच्या डोक्यावरून रस्ता दिसतो. एवढी वर्षं झाली लग्नाला, आपण कुठं चाललोय ते आज पहिल्यांदा दिसलं… लिहिलं? … दोनदा अधोरेखित? … करा, करा.

काय? … व्हिडिओ कॉल? … आत्ता? … रेंज जरा… कसला आवाज? … कोंबडी… नाही, शोरूममध्ये कोंबडी कशी असेल? … मॅडम, मी पिंगळीला आहे… गाव आहे, परभणीजवळच. स्टेशन आहे… मी एकटा नाही. गाडीपण आहे.

अहो, ऐका ना… ऐका तर! महारुद्र म्हणून इथला पोरगा आहे, खत-बियाण्याचं दुकान आहे त्याचं. काल संध्याकाळी टेस्ट राईडला आला. म्हणला, जरा आईला दाखवून आणतो… लायसन ठेवून घेतलं की! … हो, आईला दाखवली. आईनं ओवाळली.

ओवाळली, मॅडम. हळद-कुंकू, हार, काचेवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू… नारळ दगडावर फोडलाय, गाडीवर नाही; ओरखडा नाही, मी बघितलंय. तानुबाईंना, त्याच्या आईला, वाटलं, पोरानं गाडी घेतली. त्यांनी स्टेशनापर्यंत पेढे वाटले. हा बहाद्दर 'ही नुसती बघायला आणलीय' म्हणायला तोंड उघडणार, तोवर त्याच्या तोंडात पेढा…

परत मागितली ना! सकाळपासून तेच करायलोय. त्या म्हणतात, पूजलेली वस्तू दारातून परत जात नसते… दुसरी घेऊन देतो म्हणला पोरगा. बुक करायला तयार आहे. त्या म्हणतात, दुसरी ही नव्हे…

चावी? … मॅडम, चावी कुठं ठेवली तुम्ही या गाडीला? रिमोट दिलाय. तो तानुबाईंच्या कमरेला खोचलेला आहे. आता त्या जवळून गेल्या की गाडी आपोआप लायटी लावते, लांब गेल्या की विझवते… बरोबर, तसंच डिझाइन आहे. पण इथं गल्लीचं मत असं पडलंय की गाडीला माणूस कळतं. महारुद्र गेला तर ढिम्म. मी गेलो तर ढिम्म. म्हातारी आली की डोळे उघडते. सकाळपासून माणसं येऊन बघायलेत…

पोलीस? … पोलीस पाटलांनी दोन पेढे खाल्लेत, मॅडम.

नाही, नाही, मालकांना फोन नका लावू! … मार्ग निघालाय. मीच काढलाय. मी म्हणलं, मावशी, पूजलेली वस्तू परत जात नाही, कबूल. पण एवढा जीव लावला म्हणजे ती वस्तू राहिली का? ती तर घरची लेक झाली. आणि लेक तर जाते ना सासरी? … हो! माझ्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं. मग डोळे पुसले. मग म्हणाल्या, जाते… तयार आहेत, मॅडम! ओटी भरायचं चालू आहे… गाडीची… पदर नाही म्हणून सामानाच्या डाव्या पेटीत भरायल्यात. खण, नारळ, तांदूळ. उजव्या पेटीत शिदोरी. पेट्या प्रशस्त आहेत असं सगळ्या बायकांचं मत पडलं, तेही घ्या लिहून.

फक्त एक बारीक अडचण आहे… लेक म्हणल्यावर सासर आलं. सासर म्हणजे पुणे. आणि सासू… म्हणजे सध्या तुम्हीच… अहो, दुसरं कोण? मालक जळगावला गेलेत… लग्न झालं नाही तुमचं? ते नका सांगू इथं.

एक मिनिट हां… काय, मावशी? … हो, त्यांच्याशीच बोलायलोय… पुण्याच्याच… हो, विचारतो… मॅडम, त्या तुम्हाला विहीणबाई म्हणायल्यात. म्हणतात, लेकीला ट्रकात घालून नेत नसतेत… आता दोरीनं बांधून नेलेली आपली तरी लेक आपल्याला बघवंल का? … म्हणून ड्रायव्हरला सांगा, ट्रक शोरूमलाच आण, गावाकडं फिरकू नको. तिथपर्यंत मी चालवत आणतो. मागं महारुद्र बसंल… झालं ना हे? … कबूल केलं, मावशी.

अजून? … बरं… मॅडम, पंचमीला लेक माहेरी पाठवाल का, विचारायल्यात… नागपंचमीला. चार दिवस… तेव्हा गाडी कोल्हापूरला आहे? … कुठल्याही दुसऱ्या दिवशी चालत नाही हो, सण आहे… नुसतं 'हो' म्हणायला मलाही सुचलं होतं. पण निम्मी गल्ली फोनला कान लावून उभी आहे आणि मला पुन्हा या गावात गाड्या विकायच्यात. खोटं नका म्हणू. थोडं मागं-पुढं करून बघा ना तुमच्या तक्त्यात…

काय, मावशी? … मॅडम, तुम्ही मूळच्या कुठल्या, विचारायल्यात… कुडाळ? … कुडाळच्या आहेत, मावशी. तिकडं कोकणात… लय लांब… त्या विचारायल्यात, तुम्ही घरी शेवटच्या कधी गेलतात?

हॅलो? … मॅडम? … रेंज गेली वाटतं… आहात? … गणपतीला? … गेल्या वर्षीच्या गणपतीला पण नाही? … त्याच्या आदल्या? … रजा कुणी देत नाही की तुम्ही मागत नाही? … नाही, मी नाही विचारत, मावशी विचारायल्यात.

नाही गेल्या, मावशी… हो… मॅडम, आता अवघड झालं बघा. त्या म्हणतात, जी बाई स्वतः माहेरी जात नाही ती माझ्या लेकीला काय पाठवणार? रिमोट काढला होता कमरेचा, परत खोचला… आता साडेबारा होत आले. मॅडम, तुमच्या पाया पडतो, काहीतरी बोला.

हां… हां… काय म्हणता? … पंचमीला गाडी परभणीला? … टेस्ट राईडचं शिबिर म्हणून? … चारी दिवस? … कोल्हापूर पुढं ढकललं? आत्ताच? … पक्कं ना? … आणि तुम्ही? … थांबा, थांबा, हे मोठ्यानं सांगतो… मावशी, पंचमीला गाडी येणार! आणि विहीणबाई गणपतीला कुडाळला जाणार. रजा टाकायल्यात, आत्ताच, आपल्यासमोर… हो, आईला फोन करणार म्हणतात, आपला फोन ठेवला की लगेच… गळ्याशपथ म्हणतात!

दिला! दिला, मॅडम, रिमोट दिला… माझ्या हातात दिला… महारुद्र, ये बाबा, बस मागं… आणि तुझ्या बुकिंगचं उद्या बघू… हो, मावशी, हळूच नेतो… हो, पोचलो की फोन करतो… नाही, उन्हात नाही ठेवणार…

तर मॅडम, लिहा, पिंगळीहून गाडी निघाली… हॅलो? … काय झालं? … सर्दी? … मघाशी तर नव्हती… अहो, असं काय करता? मावशी रडायल्यात ते ठीक आहे, त्यांची लेक चाललीय. सासूनं रडायचं नसतं, मॅडम. तशी रीत नाही… बरं, बरं, सर्दी. ठेवतो… ठेवतो हो, आधी आईला लावा.