काठी सरळच होती

माझी फजिती ऐकायचीय ना, मग किन्हवलीजवळच्या शाळेत शिकवत होतो तेव्हाची ऐका. ब्याण्णवचा डिसेंबर. पाचवीची पोरं मैदानात नेली आणि प्रत्येकाला हातभर काठी रोवायला लावली. म्हटलं, "बाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते. बघा."

बारा वाजले. पोरं माझ्या धाकानं म्हणाली, "गेली, गुरुजी."

एकटी सुगंधा म्हणाली, "माजी जात नाय. काठीएवढी हाय."

"वाकडी रोवलीस."

तिनं उपटून पुन्हा रोवली. सावली तेवढीच. मी तिसऱ्यांदा रोवायला लावली. तिची बोटं मातीनं भरली.

मग ती उठून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "गुरुजी, तुमची पन पडलीय."

खाली बघितलं. माझी सावली चांगली लांबलचक पडली होती. आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो मे महिन्यात, शाळेला सुट्टी असते तेव्हा. आणि मी अकरा वर्षं भर थंडीत उन्हात उभा राहून हेच शिकवत होतो.

ती ओरडली असती तरी चाललं असतं. पण बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून ती माझ्या कानाशी बोलली.