काखेतली पिशवी

रंगूबाई : थांब, आदी दम खाऊ दे मला. मोटार गेली न्हाई न्हवं?

अंजना : न्हाई अजून. कोळशावर चालणारी मोटार, घाटात बसली आसंल. आवं आत्ती, अनवाणी पळत आलासा? घरात काय झालं?

रंगूबाई : घरात काय व्हायचं ऱ्हायलंय आता. पिशवी दाव तुजी.

अंजना : पिशवी?

रंगूबाई : व्हय, ती काखंतली. इहिरीवर जाताना काखंत, रानात जाताना काखंत, निजताना उशाला. आजपतोर एका शब्दानं इचारलं न्हाई. आज इचारती.

अंजना : आत्ती, मी फाट्यावरच्या मनुबाईसंगं साताऱ्याला पलटणीच्या कचेरीत जाऊन येती. सांजच्याला आले की बोलू.

रंगूबाई : सांजच्याला बोलून काय उपेग? उद्या अवस. तुजा चुलतसासरा पहाटंच डोंगरात गेलाय, पळसाची पानं तोडायला. उद्या नदीवर पानांचा पुतळा करून किस्नाला अग्नी द्यायचा हे समद्या भावकीनं बसून ठरवलंय. तुज्या म्होरं ठरलंय.

अंजना : माज्या म्होरं ठरलं. मला इचारून न्हाई.

रंगूबाई : बायकांस्नी कवा इचारत्यात गं? मला तरी कुठं इचारलं? सांगितलं. पुतळ्याला अंगावरचं कापड पायजे, किस्नानं नेसलेलं. न्हाईतर पानांचा नुसता ढीग. ह्यो माजा लेक म्हणून वरच्यानं त्येला वळखायचा कसा? तर सकाळपसनं त्याची ट्रंक उलथीपालथी केली. कोट हाय, पट्टा हाय, बुटाची नाडी सुदीक हाय. धोतर तेवढं न्हाई. उघड पिशवी.

अंजना : तुमीच उघडा.

रंगूबाई : हे काय, काडेपेटी? आगं, दुकानात डोळ्याला दिसंना झालीय काडेपेटी. मी रोज पहाटं शालूबाईच्या दारात इस्तवासाठी गवरी घेऊन हुबी ऱ्हाती, तिचं चार शब्द ऐकती, आन काडेपेटी तुज्या काखंत?

अंजना : थोड्याच काड्या हायत त्यात. बिडीपुरत्या.

रंगूबाई : बिडी वडाय लागलीस व्हय?

अंजना : मी कशाला वडू.

रंगूबाई : मीठ. सुंठ. सुईदोरा. फणी. ही बाटली कसली? खोबरेल. आन फडक्यात... भाकरी. ऊन हाय अजून. आता कळालं मला. एवढं पीठ मळती, आन टोपल्यात रोज एक भाकरी कमी. मला वाटलं, हातच आखडला माजा म्हातारपणानं.

अंजना : एक मी काढून ठेवती.

रंगूबाई : हरणाबाई मला कवाच म्हणाली हुती, तुजी सून डोंगरातल्या पोरांस्नी भाकरी पोचवती. मी भांडले तिच्यासंगं. म्हणलं, पोचवती तर पोचवंना. बेचाळीसात आख्ख्या जावळीनं पोचवल्या, पोलिसांच्या नाकावर टिच्चून. पर ती पोरं आता उजळ माथ्यानं घरी आल्याती, जेवून ढेकर द्यायल्याती. मग ही भाकरी कुणाची? आन हे खाली काय... अंजना, हे धोतर.

अंजना : व्हय.

रंगूबाई : माज्या लेकाचं धोतर घिऊन तू साताऱ्याला कुणाला गाठती? सांग मला. मी रागं भरत न्हाई. तुजं वय हाय, मला कळतंय. कुणाला नेसवणार हायस हे?

अंजना : ज्याचं हाय त्यालाच.

रंगूबाई : काय?

अंजना : ज्याचं धोतर त्यालाच. भाकरी बी त्यांचीच. बिडी तिकडं मिळती, काडी मिळंल का न्हाई म्हणून काडेपेटी. बटनं तुटत्यात त्यांची, म्हणून सुई. रोज ताजी भाकरी भरती आन कालची शिळी मी खाती.

रंगूबाई : म्हणून व्हय तू दुपारचं शिळं खातीस. मी गावाला सांगत हिंडले, सून लय काटकसरी म्हणून.

अंजना : लोकांस्नी काय सांगायचं आत्ती. येडी म्हणतील.

रंगूबाई : येडीच हायस. अगं, बर्मात गायब झाला म्हणून तार येऊन तीन वर्सं हून गेली. लढाई संपली. गावची समदी पोरं आली. कुणाचा हात न्हाई, कुणाचा डोळा न्हाई, पर आली. आपलाच येवडा वाट चुकला?

अंजना : चुकली आसंल. सुट्टीवर आले की घराकडची बोळ चुकायची त्यांची.

रंगूबाई : मस्करी करू नगंस. मला रडायला येतंय.

अंजना : मस्करी न्हाई. तुमाला ठावं न्हाई आत्ती. शेवटच्या सुट्टीला तार आली, लगोलग या म्हणून. तवा तुमी मेढ्याच्या बाजाराला गेला हुता. मी रानात. घरात कुणीच न्हाई. ते तसंच निघाले. मोटार आपल्या रानाच्या कडंनं जाती, तिथं त्यांनी थांबाय लावली. उडी टाकून बांदावर आले. म्हणाले, अगं, काय हाय का खायाला? सकाळपसनं पोटात काय न्हाई.

रंगूबाई : मग?

अंजना : मग काय. माज्या एका हातात इळा, दुसऱ्या हातात वैरणीची पेंडी. रानात कणीस बी न्हवतं. मोटारवाला भोंगा वाजवाय लागला. ते हसले, म्हणाले ऱ्हाऊ दे, फुडल्या बारीला. आन गेले.

रंगूबाई : उपाशी गेला.

अंजना : त्या दिशी म्हणलं, आता कवा बी, कुठं बी गाठ पडू दे, माजा हात मोकळा नसणार. इहिरीवर पडू दे न्हाईतर बांदावर.

रंगूबाई : हे मला कदी बोलली न्हाईस.

अंजना : काय बोलू? पोरगं उपाशी गेलं म्हणून तुमी ऱ्हायला असता का नीट?

रंगूबाई : आन धोतर? ते कशाला?

अंजना : ते फुडं भरलं. रहिमतपूरच्या टेसनावर म्हणं जपान्यांच्या कैदेतनं सुटलेला एक गडी उतरला. वाटंत कुणीतरी गठुडं चोरलं, अंगावर नुसती चड्डी. लाजून टेसनाच्या भाईर येईना. लोक तमाशा बगत हुबी. आकरीला कुणीतरी टावेल दिला तवा आला. मनुबाईनं सांगितलं. त्या रातीला ट्रंकंतनं धोतर काढलं. ते बी लाजाळूच की.

रंगूबाई : लाजाळूच. न्हाताना मला सुदीक भाईर घालवायचा. अंजना, तू म्हणशील म्हातारीला काळीज न्हाई. उद्या तुज्या बांगड्या माज्याच हातानं फोडायच्या हायत. मला काय हौस हाय? पर ते पोरगं रोज पहाटं माज्या सपनात येतंय. उंबऱ्याभाईर हुबं ऱ्हातंय. आई, पाणी दे म्हणतंय. मी तांब्या घिऊन धावती, हात काय पोचत न्हाई. जोशीकाका म्हणला, अग्नी मिळाला न्हाई, जीव तळमळतोय त्येचा. मी आई हाय. तळमळत ठेवू व्हय त्येला?

अंजना : माज्या बी सपनात येत्यात.

रंगूबाई : काय म्हणतोय?

अंजना : भाकरीसंगं कोरड्यास काय हाय, इचारत्यात.

रंगूबाई : खादाड मेलं. ल्हानपणापसनं तसंच.

अंजना : आत्ती, उद्या पुतळा जाळला, आन परवा ते दारात आले, तर?

रंगूबाई : शास्तर हाय त्येला बी. जाळलेला माणूस माघारी आला तर तो नवा जल्मला म्हणायचं. गावाभाईर ठेवायचा, न्हाऊ घालायचं, बारसं करायचं, नाव ठिवायचं. मग तुज्याशीच परत लगीन लावायचं आन घरात घ्यायचा.

अंजना : आन तवर कुठं ऱ्हायचं त्यांनी?

रंगूबाई : देवळात. भावकी ठरवंल तवर.

अंजना : तीन वर्सं कुठल्या रानात पाला खाऊन हिंडलेला माणूस घरात याय निघणार, आन आपण उंबऱ्यातनं म्हणायचं, थांब बाबा, तू मेलायस. आदी तुजं बारसं हुंदे.

रंगूबाई : मी न्हाई म्हणायची तसं.

अंजना : तुमी न्हाई म्हणायच्या. पर भावकी म्हणंल, आन तुमाला गप बसावं लागंल.

रंगूबाई : गप बस जरा.

अंजना : बसती.

रंगूबाई : पाणी का न्हाई गं पिशवीत?

अंजना : तांब्या मावत न्हाई. आन सांडतंय.

रंगूबाई : तरीच मला मागतोय. बरं, भाकरीचं तू बग. पाण्याचं मी बगती. आजपसनं रातीला उंबऱ्याभाईर तांब्या भरून ठेवती, झाकून. डोक्यावर पदर घे, आप्पासो आला.

(आप्पासो पानांचा भारा डोक्यावर घेऊन डोंगराच्या वाटेनं खाली येतो.)

आप्पासो : वैनी, तुमी हितं कशा काय रस्त्यावर? मला वाटलं, घरी तयारी चाललीया. बगा, कवळी पानं मिळाली. समदा डोंगर पालथा घातला. धोतर घावलं का?

रंगूबाई : भारा खाली ठेव. बस.

आप्पासो : बसायला टाइम न्हाई. जोशाला सामान सांगायचंय. ही पोरगी कुठं निघाली?

रंगूबाई : साताऱ्याला. कचेरीत इचारायला. मनुबाई फुडच्या फाट्यावर चढणार हाय, सोबतीला.

आप्पासो : फालतू हाय ते, वैनी. मी बसऱ्याला हुतो मागल्या लढाईत. मिशिंग म्हंजी काय, ते मला मालूम हाय. आमच्या कंपनीतली लय पोरं मिशिंग झाली. साहेब रोज पुकारा करायचा, आमी रोज कान लावायचो. एक बी आला न्हाई. तवा मला बी वाटायचं, येतील.

अंजना : आत्ती, त्यांस्नी इचारा, कवा बंद केलं वाटायचं?

आप्पासो : काय म्हणती ती?

रंगूबाई : इचारती, तुला वाटायचं कवा बंद झालं.

आप्पासो : पलटण हलली तवा. आडर आली, निघालो. वैनी, मला काय दगुड समजू नगासा. किस्नाला तालमीत मी घातला. भरतीला म्या नेला, छाती मोजली तवा म्या शिट्टी मारली. पानं तोडताना माजा हात उठत न्हवता. पर ह्या पोरीकडं बगा. ना सवाशीण, ना दुसरं काय. हिच्या भावाचा निरोप हाय, अग्नी दिला की चांगलं ठिकाण बगून पाट लावून देऊ म्हणून. आपल्यात चालतंय ते. तिला मोकळी करा. मी तिच्याचसाठी म्हणतोय.

अंजना : आत्ती, त्यांस्नी सांगा, त्यांचा जीव हाय माज्यावर, मला ठावं हाय. पर मी अडकलीया कुठं? मला रोज एक भाकरी जादा थापाय लागती, एवढंच.

आप्पासो : हिला कसं समजवायचं, वैनी?

रंगूबाई : मला बी समजना झालंय.

आप्पासो : मोटारीचा आवाज येतोय. जाऊ द्या तिला, ईल सांजच्याला. तुमी चला घरी. धोतर तेवढं काढून द्या, मी जोशाकडं नेतो. घावलं न्हवं?

रंगूबाई : घावलं. अंजना, हिकडं ये. नीट घडी कर त्याची, चुरगाळलं मी मगाशी. भाकरी वर ठेव, दबंल न्हाईतर. काडेपेटी ऱ्हायली ही.

अंजना : काडेपेटी ऱ्हाऊ द्या तुमास्नी. शालूबाईच्या दारात...

रंगूबाई : शालूबाईचं मी ऐकून घेईन. घाल आत. आन कचेरीत नीट इचार. नाव सांग, गाव सांग. आईचं नाव बी सांग, एकाच नावाचे लय असत्यात.

अंजना : व्हय.

रंगूबाई : जा, मोटार थांबली. फुडं बस, मागं धूर येतोय.

आप्पासो : वैनी, आवं धोतर तर तिच्याच पिशवीत गेलं. उद्या पुतळ्याला काय नेसवायचं?

रंगूबाई : काय न्हाई नेसवायचं. उद्या पुतळा न्हाई.

आप्पासो : भावकीला काय सांगू? समदं ठरलंय.

रंगूबाई : सांग, म्हातारी बिघडली. आईनं कापड दिलं न्हाई. आईच्या हातनं न्हाई आलं तर कुणाच्या घरनं आणतील?

आप्पासो : आन आला न्हाई तर?

रंगूबाई : न्हाई आला तर न्हाई आला. तवा तू म्हणशील तसं. पर जित्त्याला मी जाळलं, असं नगं व्हायला माज्या हातनं. तेवढं मला सोसायचं न्हाई, आप्पा.

आप्पासो : आता ह्यो एवढा भारा काय करू? माघारी डोंगरात टाकू?

रंगूबाई : टाकतूस कशाला. घरी घिऊन चल. बसल्याबसल्या पत्रावळ्या लावती. आला की गाव जेवाय घालावं लागंल.

आप्पासो : आन लय दिस लागलं तर? वाळून जातील की.

रंगूबाई : वाळल्या तरी चालत्यात.