खडूवर उमटलेली रेघ

— करतो हो सही, सही कुठे पळून चालली आहे? बसा आधी. ते स्टूल नको, त्याचा एक पाय फितूर आहे, ती पेटी ओढा — हां, वर हत्ती बसला तरी मोडायची नाही. बसलात? आता मला सांगा, तुम्ही शर्यतीचे तपासनीस, रविवारी त्या जुन्या धावपट्टीवर तीसेक गाड्या पळणार, तीसही गाड्यांचे कागद तुमच्या डोक्यावर, आणि एवढ्या एका सहीसाठी तुम्ही स्वतः माझ्या दुकानाची पायरी चढता — म्हणजे माणूस कामाचा पक्का. मला असली माणसं आवडतात. मीही तसलाच. म्हणजे होतो — नाही, आहेच म्हणा. पाणी घेणार?

काय विचारलंय ते पुन्हा वाचता का? माझा चष्मा — हा काय डोक्यावरच आहे, पण तुम्हीच वाचा. ‘टर्बाइनचं चाक भेगेसाठी तपासलं का, कोणी तपासलं, काय आढळलं.’ आणि समोर मुलीच्या अक्षरात ‘बाबांनी’. बघा, नावसुद्धा लिहिलं नाही. नुसतं ‘बाबांनी’! जसं काही साऱ्या जगाला ठाऊकच आहे बाबा कोण ते. अहो, तिचं तरी काय चुकलं, लहानपणापासून या गल्ल्यामागे बसून तिने एकच गोष्ट पाहिली. जुना भाग दुकानात आला की बाबा तो रॉकेलच्या डब्यात बुडवतात, तासाभराने काढतात, कोरडा पुसतात आणि वर खडूची पूड भुरभुरतात. मग हात मागे बांधून बघत बसायचं. भाग चांगला असला तर खडू पांढराच्या पांढरा. आत कुठे भेग असली तर शिरलेलं रॉकेल सावकाश बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळपट रेघ उमटते. बस. त्याला ना यंत्र लागतं ना पदवी. मी शाळा सहावीत सोडली, पण या खडूच्या जोरावर तीस वर्षं लोक डोळे मिटून माल नेतात. एकदा छापखानेवाल्याला एक दातेरी चाक दिलं, आणि तो गेल्यावर बघतो तर खडूच्या ताटलीत दुसरंच चाक पांढरं होऊन पडलेलं — म्हणजे याचं चाक तपासायचं राहूनच गेलेलं! उठलो, तसाच टेम्पो केला, दोन तासांवर त्याचं गाव, चालू छपाई थांबवायला लावून चाक काढून आणलं. तो मला शिव्या देतोय, मी हसतोय. आजही भेटला की म्हणतो, ‘या, छपाईबंद, या!’ तर असा मी. तुम्ही लिहून घ्यायची गरज नाही हे.

जावयांना भेटलात ना मागे अंगणात? बोलले काही? नसतील. ते बोलतच नाहीत, लिफ्ट दुरुस्त करतात ना, दिवसभर विहिरीसारख्या त्या अंधारात दोरखंडाला कान लावून बसायची सवय. पण डोकं! अहो, ट्रकच्या इंजिनाला धुरावर फिरणारा तो पंखा असतो ना, टर्बो — रस्त्याच्या कडेला मोडीत पडलेला — त्याच्या पोटी पोलादी डबा जोडून आत जाळ पेटवला की तो स्वतःच इंजिन होतो, हे मला, टर्बो विकण्यात केस पिकलेल्या माणसाला, त्यांनी शिकवलं. त्याचा झोत दुसऱ्या पंख्यावर, तिथून दातेरी चाकांची पेटी, तिथून मागच्या चाकाला साखळी. मोटरसायकल! दोन वर्षं खपताहेत. ही म्हणते, आपल्या घरात आता कुकरची शिट्टी कोणती आणि जावयांची कोणती ते कळत नाही.

तर ते माझ्याकडे टर्बो मागायला आले. मला हे आगीशी खेळणं घरात नकोच होतं. आता तुम्ही म्हणाल, नको होतं तर नाही म्हणायचं. बरोबर आहे. कोणीही म्हणेल. पण मी त्यांना एकदा नाही म्हणून बसलोय ना — लग्नाच्या वेळी. लिफ्टवाला म्हणून. पोरीने दोन वर्षं तोंड दाखवलं नाही. दोन वर्षं, साहेब. आईच्या आजारपणात आली, उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, ‘यांना आत घेणार असाल तर मी येते.’ त्या दिवशी मी कानाला खडा लावला, या माणसाला पुन्हा ‘नाही’ म्हणायचं नाही. आणि म्हणालोही नाही. म्हटलं, ‘अहो मागता काय, दुकान तुमचंच आहे.’ ते म्हणाले, ‘मामा, त्यातलं चाक तेवढं तुम्ही बघून द्या.’ पोरगी म्हणाली, मी बघू का — ती चष्म्याच्या दुकानात नंबर काढते, डोळा कसा असेल विचार करा — म्हटलं, तू कशाला, मी बघतो ना.

बघितलं. बघितलं ना मी! तेच तर — तपासलं का, तर हो, तपासलं. रॉकेल, फडकं, खडू, सगळं यथासांग. ‘काय आढळलं’ याच्यापुढे किती जागा आहे? दोन बोटं? पुरेल.

माणूस कसा विचार करतो बघा. तापलं की भेगाळलेलं चाक पहिल्या-दुसऱ्या खेपेलाच पाकळी टाकतं, आतल्या आत खडखड, धूर, खेळ खलास — मी शंभरदा पाहिलंय. आणि त्यांची सगळी चाचणी लोखंडी घोडीवर चालायची, भोवती वाळूची पोती, टर्बोवर बोटभर जाड कवच, स्वतः भिंतीआड उभे. कोणाच्या केसालाही धक्का लागणार नव्हता, याची मी आधी खात्री करून घेतली. मोडेल, चार दिवस हळहळतील, मी म्हणेन जाऊ द्या हो, नशीब, आणि परत लिफ्ट. ‘नाही’ म्हणावं लागणार नाही, पोरगी तुटणार नाही. हिशोबी माणूस ना मी! तुमच्यासमोर — हां, म्हणालो मी ते. भेगाळलेलं म्हणालो. तुमचं पेन थांबलं म्हणून कळलं.

केसाएवढी होती. चाकाच्या गाभ्याजवळ, दोन पाकळ्यांच्या मधे. मी खडू पुसला आणि चाक फडक्यात गुंडाळून दिलं.

आणि ते चाललं! पहिल्या खेपेला चाललं, दुसऱ्या, दहाव्या, आजवर चाळीसदा चाललं असेल. मी रोज इथे बसून कान टवकारतो, आता मोडेल, आता मोडेल — आणि मागून पोरगी टाळ्या वाजवते. चांगलं चाक विकत घेतलं असतं तर इतकं चाललं नसतं. दर खेपेला ती रेघ थोडी थोडी सरकत असणार, हे मला कळतं, पण दिसत नाही. बदलून द्यायला बघितलं हो, नाही कसं? तसाच दुसरा टर्बो शोधला, स्वच्छ, रेघ नाही काही नाही, म्हटलं, जावई, हा घ्या, हा जास्त चांगला. तर म्हणाले, ‘मामा, या चाकाचा तोल साधायला पाच महिने गेलेत. आणि तुम्ही बघून दिलंय.’ मी तो टर्बो परत फळीवर ठेवला.

मग शर्यतीचं ठरलं, जावई बसणार, आणि मी स्वतःची समजूत घातली, की धावपट्टीवर दीड मिनिटाचं काम, चाळीसदा टिकलं ते एकदा आणखी टिकेल. झोप लागायची मला. खरं सांगतो, लागायची. सोमवारी जेवताना पोरगी म्हणाली, ‘बाबा, यांचं वजन ब्याण्णव, माझं एकोणपन्नास. गाडी मीच चालवणार.’ आणि वजनच वाचवायला ते जाड कवच काढून पातळ पत्रा लावलाय. ते चाक बरोबर तिच्या मांड्यांच्या मधे येतं, टाकीच्या खाली, मिनिटाला लाखभर फेरे.

तेव्हापासून झोप नाही.

असं बघू नका. तुम्हाला वाटतं, जावई बसणार होते तेव्हा हा माणूस घोरत होता. मी त्यांच्या जिवाची किंमत करत नाही असं नाही, साहेब — मी ते — अहो तेव्हा वाटलं नव्हतं काही होईल — वाटलं असतं तर — वाटायला हवं होतं, कबूल. कबूल. पुढे काय?

सांगितलं का? मंगळवारी सांगायलाच गेलो होतो. ती खाली बसून साखळीला तेल घालत होती. म्हटलं, तू नको बसूस या गाडीवर. म्हणाली, का? म्हटलं, भीती वाटते गं. तर हसली. म्हणाली, ‘चाक तुम्ही तपासलंय ना? मग भीती कसली?’ आणि तेलाचा हात तसाच माझ्या गालाला लावला, लहानपणी लावायची तसा. मी वर येऊन साबणाने तोंड धुतलं. दोनदा धुतलं.

आता एक करा ना. तुम्ही मोठे अधिकारी, तुम्हीच म्हणा की चाक उघडून दाखवा. रॉकेल मी देतो, खडू मी देतो, तुमच्या हाताने भुरभुरा, रेघ तुम्हाला सापडेल — माझं नाव कशाला यायला हवं? तुमची शाबासकी, पोरीचा जीव, आणि माझं घर. तिघांचंही भलं. का नाही? जोडलेलं इंजिन उघडायचा तुम्हाला अधिकार नाही? ज्याने तपासलं त्याच्या लेखी शब्दावर चालतं? हा काय नियम झाला! म्हणजे साऱ्या शर्यतीत एक मीच — नाही, तुमचा राग नाही, तुम्ही तरी काय करणार.

आणा इकडे. पेन नीट चालतं ना? ‘काय आढळलं’ — ‘भेग.’ पुढे काही लिहू? ‘देताना माहीत होती’ लिहायला हवं का? ...नाही लिहिलं तर ती म्हणेल, बाबांच्या नजरेतून सुटली असेल, वय झालं. तसंच म्हणेल ती, मला खात्री आहे. किती सोपं आहे बघा, दोनच शब्द गाळायचे. पण मग जावई म्हणतील, दुसरं चाक बघून द्या. आणि ती पुन्हा लिहील, ‘बाबांनी’.

लिहिलं. ‘देताना माहीत होती.’ ही सही. मोठ्याने वाचू नका. खालची प्रत कोणाची? चालवणाऱ्याची? आजच द्यायची, हातात? मग द्या, मीच देतो तिला. मी बाप आहे, मीच दिली पाहिजे. थांबा, उठतो... हे गुडघे पण ना. तिला इथेच बोलावतो. अगं! अगं ए, जरा इकडे ये! ...काही नाही गं, तू तिथेच थांब. हे साहेब आलेत, त्यांना तुला काहीतरी द्यायचंय. नाही, मला काम आहे. तूच बघ.

हा घ्या कागद. जा, साहेब. तिकडे, त्या दाराने. जा ना आता.