नाही म्हणायचा तास

— हो, ऐकलं मी. ‘बाई, मला शनिवारी जमणार नाही, आजोबांना शब्द दिलाय.’ एक नकार, एक कारण, पुढे तोंड बंद. आवाज चढवायचा नाही, नजर चुकवायची नाही — मीच शिकवलंय, फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारून. पण अगं, ते माझ्यावरच चालवायचं?

बस ना. नको? बरं, उभी राहा. हे बघ, शनिवारी बाहेरच्या शाळांचे चाळीस शिक्षक येणार, आपला ठामपणे बोलण्याचा तास बघायला. तुला करायचंय काय — मैत्रीण म्हणणार, ‘गृहपाठाची वही दे, उतरवून घेते,’ आणि तू म्हणणार, ‘नाही.’ संपलं काम. अख्ख्या नववीत तुझ्यासारखं कुणाला जमत नाही, बाकीच्या नाही म्हणतात आणि वही देऊन टाकतात. म्हणजे चारचौघांत नाही म्हणण्यासाठी तू मला आत्ता फक्त एकदा हो म्हणायचंस, इतकंच. हसलीस ना तू?

आणि मोठ्या बाईंना मी कालच सांगून बसलेय गं. तुझं नाव कागदावर छापून झालंय. आधी विचारायला हवं होतं — मान्य. पण त्या दारात येतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात, ‘करताय ना?’ चष्मा वर गेला की माझं हो निघालंच. हा तास तरी माझ्याकडे कसा आला? मी भूगोलाची. विषय कोण घेणार म्हटल्यावर सगळ्यांनी माना खाली घातल्या, मी एकटी वर बघत होते, पंखा कुरकुरत होता म्हणून — आणि पडला गळ्यात.

बोल की काहीतरी. नाही बोलणार. ‘नकारानंतरची शांतता आपण भरायची नाही, समोरचा भरतो’ — हेही माझंच. आणि मी मघापासून भरतेय, घागरीवर घागर.

खरं सांगू? शनिवारी माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, सकाळी साडेनऊला. तू असशील ना, म्हणून तिने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी काय म्हणाले? ‘बघते.’ आणि तुम्हाला सांगते की ‘बघते’ हे उत्तर नाही, पळवाट आहे. काल धाकटी बहीण म्हणाली, राहू दे ताई, तुला शाळा असेल. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने मला धरलंच नव्हतं त्यात. लाज वाटली गं मला.

हे तुला कशाला सांगतेय मी? कुठे बोलू नकोस हं. — छे, तू कसली बोलतेस.

बरं, ते पहिलं वाक्य परत म्हण. सावकाश. ‘मला शनिवारी जमणार नाही.’ मग कारण. मग गप्प. ‘माफ करा’ नाही, ‘पुढच्या वेळी नक्की’ नाही. किती वेळ गप्प बसायचं असतं गं? समोरचा बोलेपर्यंत? बाप रे.

जा तू वर्गात. आजोबांना दिलेला शब्द पाळ. कागदावरचं तुझं नाव मी खोडते. दार ओढू नकोस — थांब, त्याच येताहेत व्हरांड्यातून. जाऊ नकोस, इथेच दारापाशी उभी राहा जरा. चष्मा कुठे आहे? नाकावर? — गेला वर.

मोठ्या बाई, मला शनिवारी जमणार नाही. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे.