पलीकडच्या खोलीत दादाचा भाऊ

...आणि वर ती कॉलेजातली बाई आमच्या मोठ्या मामांना म्हणते, "या खेळात चूक-बरोबर काही नसतं हो काका." नसतं कसं? तुम्हीच सांगा.

तुम्हाला सांगते, आमचे दोन्ही मामा शिंपी. दुकान एकच, पण आजोबांची कात्री कोणाची यावरून अशी जुंपली की मध्ये प्लायवूड ठोकलं, अलीकडे मोठे, पलीकडे धाकटे, यांची शिंक त्यांना ऐकू जाते पण बोलणं बंद, आणि गिऱ्हाइकाला चेन हवी असली की मोठे म्हणणार, "बाजूला विचारा." बाजूला... सख्ख्या भावाला 'बाजूला' म्हणतं का कोणी, तुम्हीच सांगा.

तर या बाईचा अभ्यास असा, की परकी माणसं एकमेकांना किती सांभाळून घेतात आणि घरची किती. तिनं दोघांनाही बोलावलं आणि दोघंही गेले, कारण दोघांचीही खात्री होती, दुसरा येणार नाही. मोठ्यांना जिना चढवायला मी.

खेळ काय, तर दोन बंद खोल्या, दर डावाला प्रत्येकाला दहा बटणं. स्वतःकडे ठेवा, नाहीतर पलीकडे पाठवा, पाठवली की तिकडे दुप्पट होतात. आधी पलीकडे कोणी नर्स. मामांनी तिचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही, पण दहाच्या दहा पाठवली, तिनंही पाठवली. मग कोणी बसड्रायव्हर, पुन्हा तेच. मामा असे खुलले, मला म्हणाले, "माणसं चांगली असतात गं."

मग बाई म्हणाली, "आता पलीकडे तुमचे धाकटे भाऊ आहेत."

झालं. मामांनी चार बटणं पुढे सरकवली, परत ओढली.

"पाठवा ना मामा."

"तो नाही पाठवायचा. ओळखतो मी त्याला."

एकही पाठवलं नाही, आणि पलीकडूनही एक आलं नाही. बाई पलीकडे जाऊन आली आणि म्हणाली, "तेही हेच म्हणाले. ओळखतो मी दादाला."

मामा तिच्याकडे बघतच राहिले. "'दादा' म्हणाला?"

"हो."

"अजून दादा म्हणतो?" आवाजच बदलला हो त्यांचा. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि दहाही बटणं तिच्या ओंजळीत ओतली. "घेऊन जा. परत खेळू."

बाई गेली आणि तीच दहा बटणं घेऊन परत आली. "निघून गेले ते. दुकान उघडायचं होतं म्हणाले."

मी म्हटलं, "मग दुकानात जाऊन सांगा त्यांना, तुम्ही सगळी पाठवली होती म्हणून."

"त्याला खरं नाही वाटायचं," म्हणाले, आणि चपला शोधायला लागले.

धाकट्यांनी पाठवली असती, तर यांना तरी कुठे खरं वाटलं असतं.