रसूलभाईंनी मोटार पाहिली तो दिवस

अक्षर माझं वाकडंतिकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ तर कधी जमलंच नाही, चौथीपर्यंतच शिकले, तेव्हा ही वही कुणाच्या हाती लागलीच तर हसू नये. चारचौघांत बोलायला मी लाजते, म्हणून मनात बोलते तसं लिहिते.

माहेर माझं अक्कलकोटच्या अलीकडचं खेडं. लग्न होऊन सोलापुरात आले. आमचे हे एका डॉक्टरांची गाडी चालवायचे. दहा वर्षं दुसऱ्याच्या गाडीचं दार उघडून उभे राहिले, आणि मग ह्यांच्या मनात आलं की आपलीच एक जुनी मोटार घ्यावी, अक्कलकोट-तुळजापूरची भाडी मारावीत. पैसे कुठले? तर माझी मोठी नणंद शांताक्का, तरुणपणीच विधवा झालेली, गिरणीत कामाला जायची, तिनं म्हातारपणासाठी ठेवलेले चार हजार ह्यांच्या हातात दिले. म्हणाली, बुडवू नको रे बाबा, माझ्याजवळ दुसरं काय न्हाय.

नवी पेठेतला एक कापडवाला आपली विकायची गाडी घेऊन दारात आला. काय सांगू तुम्हाला, काळीभोर, आरशासारखी! भांग पाडावा तिच्यात बघून. मी कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि ह्यांनी हरखून नारळसुद्धा फोडला. चुकलं ते तिथंच. कारण गाडी तपासायला बोलावलेले रसूलभाई मिस्त्री अजून यायचे होते.

ते आले, गाडीकडं बघितलंच नाही, आधी खिशातून लोहचुंबक काढला. फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवत गेले, आणि दाराच्या खाली तो चिकटेना. म्हणाले, हितं पत्रा न्हाय, गंजून गेलाय, लगदा भरून वर रंग मारलाय. मग आत वाकले. मीटर म्हणतंय गाडी थोडी पळाली, पण ब्रेकच्या पेडलचं रबर बघा, पार गुळगुळीत. मीटर मागं फिरवता येतं की, रबर कसं फिरवणार? मग इंजिन चालू करून लांब पेचकस त्यावर टेकवला, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. डॉक्टर छातीला नळी लावतात ना, अगदी तसं. मी तर बघतच राहिले. लोखंडाच्या पोटातलं ऐकणारा माणूस मी कधी पाहिला नव्हता.

मग एकदम मला म्हणाले, भाभी, तुमी मागं थांबा, मी गाडी रेस करतो, धूर कसला येतो ते सांगा. सगळे पुरुष पुढं, आणि मी डोक्यावरचा पदर ओढून मागं. गाडी गुरगुरली. चुलीपुढं जन्म गेलाय माझा, ओल्या लाकडाचा धूर पांढरा, स्टोव्हचा काळा, आणि कढईत तेल जळायला लागलं की निळसर. हा निळा होता. बोलू का नको, बोलू का नको, आणि तेवढ्यात दारात उभ्या शांताक्काचा चेहरा दिसला. मी म्हटलं, निळा हाय. तेल जळतंय.

हे म्हणाले, तुला काय कळतंय गाडीतलं? रसूलभाई म्हणाले, भाभींनाच कळलं. इंजिन तेल खातंय, खोलून दुरुस्त करावं लागेल.

कापडवाला म्हणाला, आता काय उपयोग? नारळ फुटला, सौदा झाला. ह्यांनी मान खाली घातली, ह्यांना ते पटलंसुद्धा होतं. तेव्हा शांताक्का पदर खोचून पुढं आली. म्हणाली, नारळ आमी देवाला फोडलाय, तुमच्या धुराला न्हाय. दुरुस्तीचा खर्च कापून घ्या, न्हायतर गाडी घेऊन जावा, खोबरं पण देते बांधून.

रसूलभाई इतके हसले की पेचकस हातातून पडला. कापडवाल्याला किंमत उतरवावी लागली. वाचलेल्या पैशात इंजिन खोललं, दाराचा पत्रा नवा टाकला, आणि रसूलभाईंनी पुन्हा कान लावून मान डोलवल्यावरच हे भाड्याला निघाले. वाटेत ती कधी बंद पडली नाही. आपण बोललो आणि ते खरं निघालं, याचं मला अजून नवल वाटतं.

पैसे भाडं मिळेल तसे देत गेलो, कधी पन्नास, कधी नुसतेच वीस. तीन वर्षं लागली. परवा संक्रांतीला शेवटचे सत्तर रुपये मी माझ्या हातानं शांताक्काला दिले. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाली, सुखी राहा ग, फिटले सगळे.